करमत नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,


मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे. एवढ्या काळात शासनाला मी बरीच पत्रं लिहिली. वर्गखोलीचं छत गळतं म्हणून लिहिलं, शौचालयाला पाणी नाही म्हणून लिहिलं, बदलीसाठीही लिहिलं. त्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक होता. हे पत्र ज्याबद्दल आहे, त्याच्यासाठी आमच्या कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे. मला मुलांच्या दुःखाबद्दल बोलायचं आहे.

आमच्या भागातली शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर कशी भरते, हे आधी सांगते. सुट्टी लागते तेव्हा वर्ग गच्च असतो. सुट्टी संपते तोवर गावातली निम्मी घरं कुलूपबंद झालेली असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर आधीच घेतलेली उचल. भांडीकुंडी, पिठाचा डबा, पाण्याचे हंडे, कोंबड्या, धाकटं पोर, सगळं ट्रॉलीत चढतं आणि माणसं ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही मुलं आईबापाबरोबर जातात. काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहं सुरू केली, जेवणाची सोय केली. ही योजना फार मोलाची आहे, तिच्यामुळे कितीतरी मुलांचं शाळेतलं नाव टिकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण चार-पाच महिने आईशिवाय काढायचे कसे, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. आम्हा शिक्षकांनाही नाही.

अशाच एका नोव्हेंबरात माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. खिडकीजवळ बसायची. कधी रडली नाही, कुणाशी भांडली नाही, गृहपाठ चुकवला नाही. तिच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं, ‘वर्गात शांत असते. शिस्त पाळते.’ एकच खोड होती तिला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ती जागेवरून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. दोन-तीनदा मी रागावलेही, ‘सारखं काय गं बाहेर?’ ती काही बोलली नाही. डिसेंबर संपत आला तेव्हा एका सकाळी ट्रॅक्टर गेला आणि ती उठली नाही. मला वाटलं, चला, पोर रुळली. संध्याकाळी घरी परतताना बसमध्ये एकदम ध्यानात आलं की ती कशासाठी उठत होती आणि आता उठायची का थांबली होती.

‘शिस्त पाळते’ ही माझ्या हातची नोंद. ती आता खोडता येत नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात एक हकीगत आली. १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एका लहान मुलीवर चित्रपट तयार केला. मुलगी अडीच वर्षांचीही नव्हती. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात राहिली, त्या आठ दिवसांचं हे चित्रण. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत, भेटीच्या वेळाही मोजक्याच असत. परिचारिकांचा अनुभव असा, की मूल पहिले काही दिवस रडतं आणि मग शांत होतं. आई भेटून गेली की पुन्हा रडतं. तेव्हा आईने न आलेलंच बरं, असं सगळे धरून चालत. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं वेगळं होतं. मूल आधी आकांत करतं. मग हताश होऊन गप्प बसतं. वियोग फार लांबला तर ते मायेचा धागाच आवरून घेतं, म्हणजे वरवर हसतं-खेळतं, पण आई समोर आली तरी तिच्याकडे धावत नाही. मधल्या त्या गप्प बसण्यालाच मोठी माणसं ‘रुळलं’ म्हणत होती. चित्रपट पाहून सुरुवातीला डॉक्टर मंडळी संतापली. पण पुढे १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईवडिलांच्या भेटीवरची बंधनं उठवावीत अशी शिफारस केली, आणि हळूहळू तिथल्या बालरुग्णालयांचे दरवाजे उघडले.

हे वाचताना मला लंडनचं रुग्णालय दिसलंच नाही. मला आमच्याकडचा मार्च-एप्रिल दिसला. कारखान्याचा पट्टा पडतो, ट्रॉल्या गावात परत येतात, आई उतरते, आणि पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहते. पुढे होत नाही. आया आम्हाला येऊन सांगतात, ‘मॅडम, लेकरू मला ओळखीना झालं.’ आम्ही हसून म्हणतो, लाजतंय. चार दिवसांनी येईल जवळ. चार दिवसांनी येतंही. पण त्या चार दिवसांत त्या आईच्या पोटात काय तुटत असेल, आणि लेकराने नोव्हेंबरपासून आत काय काय मिटवून ठेवलं असेल, याचा विचार मी वीस वर्षं केला नव्हता.

मुलांचं दुःख मोठ्या माणसांना चटकन दिसत नाही, याचं एक कारण म्हणजे ते आम्हाला हवं तसं दिसत नाही. आम्ही डोळ्यांतलं पाणी शोधतो. मूल पोटात दुखतंय म्हणतं. पेन्सिल हरवली म्हणून भांडतं. चौथीत येऊन पुन्हा अंथरूण ओलं करतं. तासभर उदास बसून पुढच्या क्षणी लंगडी खेळायला धावतं आणि मग मोठी माणसं म्हणतात, पोरांना काय कळतं, विसरली बघा. विसरलेलं नसतं. लहान जीव सगळं एका वेळी झेलू शकत नाही, म्हणून थोडं थोडं झेलतो.

दुसरी गोष्ट एका मुलाची. सातवीत होता. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून त्याचे वडील गेले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तो शाळेत आला, डोक्याचं मुंडण केलेलं, हातात दप्तर. तो येण्याआधी मी वर्गाला बजावून ठेवलं होतं : त्याला कुणी काही विचारायचं नाही, घरचा विषय काढायचा नाही, त्याला वाईट वाटेल. मला वाटत होतं मी फार समजूतदारपणे वागते आहे. मुलांनी माझं तंतोतंत ऐकलं. महिनाभर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. काय बोललं तर चालेल हे न कळल्यामुळे सगळे त्याच्यापासून दोन हात दूर राहिले. खेळात घेत नव्हते, कारण खेळता खेळता हसणं झालं तर? डब्याला शेजारी बसत नव्हते. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘मॅडम, सगळे माझ्यावर रागावलेत का?’

मला उत्तर सुचलं नाही. ते सुचलं आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना. त्यांनी ते ऐकलं होतं. हातातलं उलथनं ठेवून त्या बाहेर आल्या, त्याच्या उगवत्या खुंटांवरून हात फिरवला आणि सरळ विचारलं, ‘त्या दिवशी काय जेवला होता रं तुझा बाप?’ मी दचकले. असा प्रश्न विचारतात का कुणी? पोरगं म्हणालं, ‘पिठलं.’ मावशी म्हणाल्या, ‘तिखट लागायचं का त्याला?’ ‘लई तिखट,’ पोरगं म्हणालं, आणि मग वडील मिरची कशी ठेच्यासारखी कुटून घ्यायचे, त्याला कासरा कसा धरायला शिकवला, बैलाला नावाने कशी हाक मारायचे, हे सांगत गेलं, आणि सांगता सांगता रडायला लागलं. मावशींनी ‘रडू नको’ म्हटलं नाही. त्यांनी पदराने आपलेही डोळे पुसले. बाजूला पाच-सहा मुलं येऊन उभी राहिली होती. त्यांतला एक म्हणाला, ‘मला पण याच्या बापानं एकदा ट्रॅक्टरवर बसवलं होतं.’ त्या दिवशी त्याला खेळात घेतलं.

मावशी चौथी शिकलेल्या. त्यांना कुठल्या प्रशिक्षणाची गरज पडली नाही, कारण त्यांच्याकडे गावाचं शहाणपण होतं. आपल्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. भावकीतले, पाहुणे दुखवट्याला येतात, आणि येऊन काय करतात? गेलेल्याबद्दलच बोलतात. शेवटचा कधी भेटला, काय म्हणाला, काय खाल्लं. बायका गळ्यात पडून रडतात आणि रडता रडता त्याच्या आठवणी काढतात. तिसऱ्या दिवशी, दहाव्याला, तेराव्याला पुन्हा सगळे जमतात. पहिल्या दिवाळीला त्या घरी गोडधोड करायचं नसतं, ते नातलग घेऊन येतात. या रीतींत पुष्कळ खर्च आहे, विधवांना छळणारं पुष्कळ काही आहे, ते गेलंच पाहिजे. पण ज्याचं माणूस गेलं त्याला एकटं सोडायचं नाही आणि गेलेल्याचं नाव घ्यायला भ्यायचं नाही, एवढं त्या रीती घालून देणाऱ्यांना नक्की ठाऊक होतं. शाळेच्या फाटकापाशी आल्यावर मात्र हे सगळं बाहेर राहतं. फाटकाच्या आत चौदाव्या दिवशी घटक चाचणी असते.

शासनालाही दुखवटा ठाऊक आहे. लता मंगेशकर गेल्या तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला, राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरला, राज्यात सुट्टी जाहीर झाली. ते योग्यच होतं. सगळ्या देशाला वाईट वाटलं आहे, तेव्हा आज नेहमीचं काम थांबेल, असं राज्याने मोकळेपणाने म्हटलं. माझं मागणं एवढंच आहे की बारा वर्षांच्या मुलाचं जग बुडालं तर त्याच्या वर्गानेही हे म्हणावं.

आता ‘आनंददायी शनिवार’बद्दल. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी हा उपक्रम आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. एक दिवस तरी दप्तराचं ओझं नाही. श्वासाचे व्यायाम, योग, खेळ, नातेसंबंधांबद्दल, स्वतःची काळजी घेण्याबद्दल बोलणं. ज्या कुणी हे योजलं त्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, आणि आमची मुलं शनिवारची वाट पाहतात हेही खरं. अडचण नावातल्या आनंदाची नाही, तो सक्तीचा होऊन बसतो त्याची आहे. शनिवारी फोटो काढायचे, गटावर टाकायचे, आणि फोटोत सगळी मुलं हसताना दिसली पाहिजेत. गेल्या वर्षी एका शनिवारी गाण्यावर नाच चालू होता आणि एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिची मोठी बहीण लग्न होऊन सासरी गेल्याला आठच दिवस झाले होते. त्या बहिणीनेच तिला वाढवलं होतं. आमच्यापैकीच कुणीतरी तिला हाताला धरून ओळीत उभं केलं. फोटोत ती हसते आहे. तो फोटो माझ्याकडे आहे आणि मला तो बघवत नाही.

आनंद शिकवायचे प्रयत्न इतर राज्यांतही झाले. मध्य प्रदेशात २०१६ मध्ये आनंदासाठी वेगळा विभाग निघाला. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आनंदाचा अभ्यासक्रम आला. त्यांतलं चांगलं आपण जरूर घ्यावं. पण मुलाला आनंदी राहायला शिकवताना आपण नकळत हेही शिकवतो का, की वाईट वाटलं तर तू कुठेतरी कमी पडलास? माझ्या वर्गातली मुलं आता ‘सॉरी मॅडम’ म्हणून रडतात. मुलगे तर रडतच नाहीत. ‘पोरीवाणी काय रडतो’ हे वाक्य त्यांनी शाळेत यायच्या आधीच शंभरदा ऐकलेलं असतं, आणि ते म्हणणाऱ्यांत आम्ही गुरुजन मागे नसतो. तेच मुलगे मोठे होतात, मळ्यात नुकसान होतं, कर्ज थकतं, आणि त्यांना घरात कुणाला सांगता येत नाही. मराठवाड्यात राहून मी हे लिहिते आहे. याहून जास्त लिहायला नको.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी वेगळं करून पाहिलं. फळ्यावर काही न लिहिता मुलांना विचारलं, वाईट वाटतं तेव्हा तुम्ही काय म्हणता? पहिल्यांदा सगळे गप्प. मग एकीने सांगितलं, ‘करमत नाही.’ आणि मग धो धो शब्द आले. जीव लागत नाही. सय येते. हुरहुर. कसंतरीच होतं. घशात आवंढा येतो. रुखरुख लागते. डोळे भरून येतात. काळीज जड झालंय. कशात मन नाही. एकाने सांगितलं, ‘भूक नाही म्हणतो.’ एकाने सांगितलं, ‘मी म्हशीजवळ जाऊन बसतो.’ फळा भरला. ‘करमत नाही’ या शब्दावर आम्ही बराच वेळ बोललो. घरी सगळं आहे, खायला आहे, कुणी मारलं नाही, तरी करमत नाही, कारण जे माणूस हवं ते नाही. आजारी नाही, अपयशी नाही, चुकलेलं काही नाही. करमत नाही, एवढंच. ज्या भाषेत यासाठी असा रोजच्या वापरातला शब्द आहे, त्या भाषेतल्या मुलाला ‘मी डिप्रेशनमध्ये आहे का?’ असं विचारावंसं वाटतं, तेव्हा ती भाषा आम्ही त्याच्या हातात नीट दिलेली नाही.

याचा अर्थ नैराश्याचा आजार खोटा आहे असा कुणी घेऊ नये. तो खरा आहे, जीवघेणा आहे आणि उपचारांनी बरा होतो. एखादं मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, झोपत नसेल, कशातच रमत नसेल, जगून काय करायचं असं बोलत असेल, तर त्याच्याशी कविता बोलत बसायचं नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यायचं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा देशभर सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असावा, पाढ्यांच्या शेजारी. पण आजार आणि दुःख यांतली रेषा कुठे मारायची, यावर तज्ज्ञांचंही एकमत व्हायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात १९८० च्या आवृत्तीत शोकाचा अपवाद केलेला होता. माणूस गेल्याचं दुःख म्हणजे आजार नव्हे, असं त्यात मानलं जाई. २०१३ च्या आवृत्तीत तो अपवाद काढला, त्यावर मोठा वाद झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या शोकाचा स्वतंत्र आजार म्हणून समावेश झाला, पण तिथेही अट आहे : मोठ्या माणसाच्या बाबतीत मृत्यूला किमान वर्ष आणि मुलाच्या बाबतीत किमान सहा महिने झालेले असले पाहिजेत. म्हणजे ज्यांचं कामच आजार शोधण्याचं, तेही मुलाला सहा महिने देतात. आम्ही शाळेत त्याला किती दिले? ‘आता सावर बाळा, परीक्षा जवळ आली,’ हे वाक्य मी स्वतः तिसऱ्या आठवड्यात म्हटलेलं आहे.

महोदय, आपल्या खात्याचा एक पूर्वज आहे, ज्याला ‘रडका’ म्हणून आजही हिणवतात. साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० शिकवत होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकातले संस्कार आम्ही मुलांना शिकवतो, परीक्षेत विचारतो. पण त्याची रचना पाहिली का आपण? एक मुलगा, ज्याची आई गेली आहे, मोठा झाल्यावर आश्रमातल्या मित्रांना संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिच्याबद्दल सांगतो. एका रात्रीत संपवत नाही. बेचाळीस रात्री सांगतो. आणि मित्र बेचाळीस रात्री येऊन बसतात. ‘झालं आता, विसर’ असं त्यांच्यातला एकही जण म्हणत नाही. मला वाटतं, आईची थोरवी जितकी त्या पुस्तकात आहे तितकीच त्या ऐकणाऱ्यांचीही आहे, आणि शाळांनी घ्यायचा तो संस्कार हा. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. घरोघरी माणसं त्या पुस्तकावर रडली आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मग लिहिणाऱ्यालाच रडका म्हणायला आपण कधी शिकलो?

आणखी जुनं सांगते. आमच्यापासून फार लांब नाही, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे आणि त्या विषादाला चक्क ‘योग’ म्हटलं आहे. पूर्वी मी तो अध्याय भरभर वाचायची, खरं तत्त्वज्ञान दुसऱ्यात सुरू होतं असं समजून. आता मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या सबंध पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जेमतेम एक वाक्य बोलतात. अर्जुन बोलतो, त्याचं तोंड कोरडं पडतं, हात कापतात, धनुष्य गळून पडतं, तो रथात खाली बसतो. सांगणारा ज्ञानी समोर असूनही तोवर काही सांगत नाही. ऐकतो.

मला काय हवं आहे, ते आता लिहिते. नवा उपक्रम नको. खरोखर नको. त्याला नाव देऊ नका, त्याचा सप्ताह साजरा करायला सांगू नका, कुठल्या मुलाला किती वाईट वाटलं याची माहिती ऑनलाइन भरायला तर कधीच लावू नका. एक साधं परिपत्रक पुरे. ज्या मुलाच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याच्या घरी वर्गशिक्षकाने पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन यावं आणि ती वेळ कामाची वेळ मानावी. आज शाळा सोडून दुखवट्याला गेलं तर रजा टाकावी लागते. ते मूल परत येईल त्या दिवशी चाचणी, वसुली, स्पर्धा यांतलं काही त्याच्यापुढे ठेवू नये, आणि वर्गाला आधी सांगून ठेवावं की त्याच्याशी बोला, त्याच्या माणसाचं नाव घ्या. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करावं. माझ्या एका विद्यार्थिनीने ते बक्षीस जाऊ नये म्हणून आजीच्या दहाव्याला न जाता शाळा गाठली होती, आणि आम्ही टाळ्या वाजवून तिचा सत्कार केला. अनाथ झालेल्या मुलाला मदतीचा धनादेश देताना त्याचा फोटो काढू नये. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या गोष्टीसाठी द्यावा, आणि तो अर्धा दिवस बोलायला आमच्या मावशींसारख्या दोन बायकांना बोलवावं. त्यांना मानधन द्यावं.

‘आनंददायी शनिवार’ राहू द्या. फक्त त्याच्या सूचनांत एक ओळ वाढवा : ज्या मुलाला आज भाग घ्यावासा वाटत नाही, त्याला कुणाच्या तरी शेजारी नुसतं बसू द्यावं. ‘कुणाच्या तरी शेजारी’ हे शब्द गाळू नका. एकटं बसवणं ही शिक्षा आहे, ती आम्हाला येते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारण्याला आणि त्याच्या मानसिक छळाला बंदी केली. माझ्या पिढीच्या शिक्षकांना सुरुवातीला ते जड गेलं. छडीशिवाय वर्ग कसा चालेल, असं आम्ही म्हणत होतो. चालला. मुलं घाबरायची थांबली तेव्हा बोलायला लागली. आता ती बोलायला लागली आहेत, तर त्यांचं सगळं बोलणं ऐकायची आमची तयारी हवी.

एक शेवटची विनंती. मंत्री शाळेत येतात तेव्हा रांगोळी असते, लेझीम असतं, स्वागतगीत असतं. आपण एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत या. न कळवता या. मुलांना भाषण नको, खाऊही नको. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. तेव्हा फळ्याकडे पाहू नका. खिडकीजवळच्या बाकांकडे बघा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, जि. बीड